उष्णतेची ओळख
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला गाणे व्हावे, एखादा नाट्यप्रवेश व्हावा, पाककृतींची स्पर्धा व्हावी, हे आपल्या मंडळाच्या रीतीला धरूनच आहे. यंदा कार्यकारिणीने त्यात एका व्याख्यानाची भर घातली आणि विषय काढला तो उष्णता! चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेत. आता आम्हालाही शिकवा, पण परीक्षा मात्र घेऊ नका." परीक्षा मी घेणार नाही. ती चुलीपाशी, गॅसपाशी तुमची-आमची रोज चाललेलीच असते, आणि तिथे नापास झाले तर गुण जात नाहीत, हात भाजतो. म्हणून हा विषय मला नुसता पुस्तकी वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे उष्णता आणि तापमान ही दोन निरनिराळी आहेत. बोलताना आपण दोन्हीला 'गरम' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणग्यांचे तापमान हजार अंशांच्या घरात असते, तरी एखादी ठिणगी हातावर उडाली तर मूल जेमतेम दचकते. उलट साठ अंशांच्या बादलीभर पाण्यात कोणाचा हात बुडाला तर मोठीच इजा होते. ठिणगीचे तापमान प्रचंड असले तरी तिचा जीव केवढा? मोहरीएवढाही नाही. तिच्यापाशी द्यायला उष्णताच थोडी. तापमान म्हणजे उष्णतेची पातळी, आणि उष्णता म्हणजे एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा. हंड्यात पाणी किती उंच चढले आहे ते एक, आणि हंड्यातून पाणी किती मिळेल ते दुसरे. उभ्या नळकांड्यातले पाणी छातीइतके उंच असले तरी त्यातून तांब्याभरच निघते.

पण ही उष्णता आहे तरी काय? अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांना वाटे की उष्णता हा एक अदृश्य, वजन नसलेला द्रव आहे. तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो. लव्हाझिए या थोर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला 'कॅलोरिक' म्हटले आणि 1789 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांच्या यादीत त्याला जागा दिली. त्या ग्रंथातली उपकरणांची चित्रे त्याची पत्नी मारी-आन हिने काढली होती. ती नवऱ्याच्या प्रयोगशाळेत टिपणे घेई आणि इंग्रजी ग्रंथ त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये उतरवून देई. पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1794 मध्ये, लव्हाझिएचा शिरच्छेद झाला.

त्याच सुमारास म्यूनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्ड नावाचा एक अमेरिकेत जन्मलेला गृहस्थ तोफा पोखरण्याच्या कामावर देखरेख करत होता. घोडे चक्र फिरवीत, बोथट हत्यार धातूवर घासे, आणि तोफ भयंकर तापे. त्याने ती पाण्याच्या पेटीत ठेवून पाहिली. अडीच तासांत, विस्तवाशिवाय, पाणी खळखळ उकळू लागले! घासत राहावे तोवर उष्णता निघतच राहते, ती सरत नाही. द्रव असता तर कधीतरी संपला असता. तेव्हा उष्णता हा पदार्थच नव्हे, ती एक प्रकारची हालचाल आहे, असे त्याने 1798 मध्ये मांडले. गंमत पुढेच आहे. 1805 मध्ये याच रम्फर्डशी लव्हाझिएच्या विधवेने लग्न केले. पहिल्या नवऱ्याचा कॅलोरिक दुसऱ्याने मोडीत काढला! संसार मात्र सुखाचा झाला नाही. पाहुण्यांवरून दोघांत भांडण झाले, तेव्हा तिने त्याच्या बागेतल्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे रम्फर्डने आपल्या मुलीला पत्रात कळवले आहे. उष्णतेचा हा उपयोग मी तुम्हाला शिकवणार नाही.

त्यानंतर मँचेस्टरजवळच्या एका मद्याच्या कारखानदाराचा मुलगा, जेम्स जूल, याने 1840 नंतरच्या दहा वर्षांत पाणी घुसळून ते किती तापते याचा काटेकोर हिशेब मांडला. आपण ताक घुसळतो तसेच ते. फक्त रवी फिरवायला त्याने खाली उतरणारी वजने जोडली होती. वजने किती उतरली आणि पाणी किती तापले याचे प्रमाण दरवेळी ठरलेलेच निघाले. आज आपण म्हणतो की प्रत्येक पदार्थाचे सूक्ष्म कण सतत हलत असतात. ते जितके जोराने हलतात तितका पदार्थ तापलेला.

आता दुसरी गोष्ट. सगळे पदार्थ सारख्या उष्णतेने सारखे तापत नाहीत. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. तेवढीच उष्णता एक किलो तेलाला दिली तर ते सुमारे दोन अंशांनी तापते. लोखंड घेतले तर ते नऊ अंशांनी तापते आणि तांबे तर जवळजवळ अकरा अंशांनी. पदार्थाच्या या स्वभावाला विशिष्ट उष्णता म्हणतात. पाण्याची विशिष्ट उष्णता नेहमीच्या पदार्थांत सर्वांत जास्त आहे. पाणी तापायला सावकाश आणि निवायलाही सावकाश. काही माणसे चटकन रागावतात आणि चटकन विसरतात, काहींना राग येतच नाही, पण आला की चार दिवस जात नाही. पाणी दुसऱ्या जातीचे.

हे पाहायचे असेल तर वाण्याच्या दुकानातले एक किलोचे लोखंडी वजन उकळत्या पाण्यात चांगले तापू द्या आणि पकडीने उचलून एक लिटर साध्या पाण्यात टाका. पाणी 25 अंशांचे असेल तर ते फार तर 32 अंशांवर जाईल, म्हणजे हाताला कोमटही लागायचे नाही. वजनाऐवजी एक लिटर उकळते पाणी ओतले तर मात्र ते बासष्ट अंशांच्या वर जाईल. दोघेही शंभर अंशांचे, दोघेही एक किलोचे. पण लोखंडाची झोळी लहान, पाण्याची मोठी.

पुरणपोळी घ्या. तव्यावरून उतरलेली पोळी थोडी निवली की वरचा पदर जिभेला सोसतो, आणि आतले पुरण मात्र चटका देते. पदर पातळ आणि कोरडा. तो आपली थोडीशी उष्णता हवेला देऊन मोकळा होतो. पुरणात पाणी पुष्कळ, म्हणून उष्णतेचा साठाही पुष्कळ, आणि ते घट्ट असल्याने आतल्या आत हलून निवतही नाही. रम्फर्डलाही हेच कोडे पडले होते. सफरचंदाचे सारण भरलेला पदार्थ आणि तांदळाची दाट पेज यांनी आपले तोंड वारंवार का भाजते, याचा विचार करता करता त्याने घट्ट पदार्थांतून उष्णता कशी सावकाश जाते याचा शोध घेतला. इतका मोठा विद्वान, पण प्रश्न पानावर बसून सुचला!

हीच गोष्ट समुद्राची. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि मुंबईत तो बहुधा चौतिसाच्या आगेमागे असतो. जमिनीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून ती लवकर तापते आणि लवकर निवते. दिवसा किनाऱ्यावरची जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. हे खारे वारे. रात्री उलट होते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात. शिडाच्या होड्यांच्या काळात आपले कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. विशिष्ट उष्णता हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता, पण तिच्यावर त्यांची चूल पेटत होती.

आता उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते कशी, ते पाहू. तिच्या वाटा तीन : वहन, अभिसरण आणि प्रारण. नावे अवघड आहेत, पण ओळख जुनी आहे.

आमटीत पळी राहिली की तिचा दांडा तापतो, ते वहन. कण जागच्या जागी राहतात आणि शेजारच्याला धक्का देतात, जशा आपण रांगेत उभ्या राहून हातोहात पाण्याच्या कळशा पुढे द्याव्यात तशा. तांबे आणि ॲल्युमिनियम यांतून उष्णता झपाट्याने जाते. स्टेनलेस स्टील मात्र दिसायला देखणे असले तरी या बाबतीत मागासलेले. तांब्याच्या मानाने त्यातून उष्णता वीस-पंचवीस पटींनी कमी वाहते. म्हणून पातळ बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात जिथे ज्योत लागते तिथेच दूध करपते आणि कडेला तसेच राहते. जाड पितळी पातेल्यात बासुंदी सर्वत्र सारखी आटे, हा केवळ आजीच्या हातचा गुण नव्हता, पातेल्याचाही होता. अर्थात पितळेला कल्हई हवी, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात. आजकाल स्टीलच्या बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड थर देतात तो याचसाठी. मंडळाच्या भांड्यांची खरेदी पुढच्या महिन्यात ठरायची आहे, तेव्हा झळाळी पाहण्याआधी बूड उलटून पाहावे, एवढी सूचना मी इथेच करून ठेवते.

स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. गोधडीत ऊब नसते. गोधडी आपल्या थरांत हवा कोंडून धरते आणि आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळली तर तीही टिकते. गोधडीला गरम-गार काही कळत नाही, ती फक्त वाट अडवते. आणि भांडे उचलताना फडके ओले घेऊ नये ते याच कारणाने. कोरड्या फडक्यातली हवा हाताला वाचवते. ओल्यात हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने हातापर्यंत पोचते.

दुसरी वाट अभिसरणाची. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. नळीलगतचे पाणी तापले की हलके होऊन वर चढे, वरचे थंड पाणी खाली येई आणि पुन्हा तापून वर जाई. कोणी ढवळत नसे, तरी बंबभर पाणी तापे. वातानुकूलन यंत्र भिंतीवर उंच लावतात तेही यासाठीच. गार हवा जड, ती आपोआप खाली येते.

तिसरी वाट प्रारणाची. तिला मध्ये काही लागत नाही. सूर्याची उष्णता पोकळीतून पंधरा कोटी किलोमीटर ओलांडून आपल्या पापडांवर पडते ती याच वाटेने. निखाऱ्यासमोर धरलेली भाकरी टम्म फुगते तिलाही बाजूने मिळते ती प्रारणाचीच आच. काळा पृष्ठभाग प्रारण शोषतो, पांढरा ते परत पाठवतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे की दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता टाकत राहतो. उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीला पांढरा रंग दिला तर खोल्या थंड राहतात, आणि त्याचा खर्च वातानुकूलन यंत्राच्या मानाने नगण्य असतो.

प्रारणाचा विषय निघाला की एका बाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. ॲना मणी, जन्म 1918, मृत्यू 2001. त्या 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. त्या काळी हवामानाची साधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत. ती इथे बनवण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला, आणि 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने सूर्याचे प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशात उभे केले. आज गच्चीगच्चीवर सौर बंब आणि सौर पत्रे दिसतात. आपल्या देशात ऊन कुठे किती पडते याचा पहिला पद्धतशीर हिशेब ठेवणाऱ्यांत त्या होत्या.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याशी येते. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅक नावाचे एक वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी एका मोठ्या दालनात दोन सारखी काचेची भांडी टांगली. एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकेच थंड पाणी. पाण्याने जे तापमान अर्ध्या तासात गाठले ते गाठायला बर्फाला साडेदहा तास लागले. दालनाची उष्णता तर दोन्ही भांड्यांना सारखीच मिळत होती! मग बर्फाने घेतलेली इतकी उष्णता गेली कुठे? ती बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाली, तापमान वाढवण्यात नव्हे. तापमापकाला न दिसणाऱ्या या उष्णतेला ब्लॅक यांनी सुप्त उष्णता म्हटले. हे 1761 च्या सुमाराचे काम. त्यांनी ते विद्यार्थ्यांना शिकवले, पण छापले नाही. व्याख्याने ग्रंथरूपाने निघाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1803 मध्ये.

पाण्याची वाफ होतानाही तेच होते, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणात. एक लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीला आणायला 75 किलोकॅलरी लागतात. तेच सगळे पाणी वाफ करून उडवायचे तर आणखी 540 लागतात, म्हणजे सातपटींहून अधिक! आणि एवढे करून पाण्याचे तापमान शंभराच्या वर एक अंशही जात नाही. म्हणजे काय झाले? बटाट्यांना उकळी फुटल्यावर आपण गॅस मोठाच ठेवला तर बटाटे लवकर शिजत नाहीत. खळखळणारे पाणी शंभर अंशांचे आणि मंद बुडबुडणारे पाणीही शंभर अंशांचेच. जादा गॅस वाफ होऊन खिडकीतून जातो. उकळी आली की आच बारीक करा आणि झाकण ठेवा. घरातल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. त्यातला किती पदार्थाला मिळाला आणि किती छताला, हे आपल्या हातात आहे. जुन्या चुलीला वैल असे. चुलीतून वाया जाणाऱ्या आचेवर वैलावर भात मुरे, दूध तापे. त्या बायका काटकसरी होत्याच, पण त्यांची चूलही शहाणी होती.

शंभर अंशांची ही मर्यादा हवेच्या दाबावर अवलंबून आहे. महाबळेश्वरला हवा विरळ, तिथे पाणी शहाण्णव अंशांच्या आतच उकळते, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो. प्रेशर कुकरमध्ये उलट होते. कोंडलेल्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या दुप्पट होतो आणि पाणी सुमारे 120 अंशांवर जाते. पहिली शिट्टी झाली की कुकरने आपली पातळी गाठली. पुढे आच मोठी ठेवून शिट्ट्यांची संख्या वाढते, तापमान वाढत नाही. आणि दाब उतरल्यावाचून झाकण ओढू नये, व्हॉल्व्ह आणि रबरी रिंग वेळच्या वेळी बदलावी. यात चालढकल करण्याइतकी स्वस्त वस्तू आपल्या घरात कोणीच नाही.

हाच हिशेब आता उलट वाचा. वाफ करताना जी उष्णता घालावी लागते ती वाफेचे पुन्हा पाणी होताना परत मिळते. एक ग्रॅम उकळते पाणी अंगावर पडले तर ते अंगाच्या तापमानापर्यंत निवताना 65 कॅलरी देते. एक ग्रॅम वाफ अंगाला लागली तर ती आधी 540 देते आणि मग वर त्या 65. नऊपटींहून अधिक! म्हणून वाफेचा चटका पाण्याच्या चटक्याहून खोल जातो.

दोन वर्षांपूर्वी गणेशचतुर्थीला आमच्याच इमारतीतल्या एका नव्या सुनेने मोदकपात्राचे झाकण आपल्याकडे कलते उचलले. कोपरापर्यंत उजवा हात वाफेत सापडला. घरात माणसे होती, सगळी मायेची होती, आणि सगळी एकदम धावली. एकीने टूथपेस्ट लावली, दुसरीने त्यावर हळद दाबली, तिसरीने पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितले, फोड येईल म्हणे. मला बोलावले तोवर अर्धा तास होऊन गेला होता. हात सुजून हिरवा चुडा मनगटात रुतला होता आणि तो कापून काढावा लागला. दवाखान्यात तो लेप आधी धुऊन काढावा लागला, आणि ती पोर त्या धुण्याने जितकी रडली तितकी भाजण्याने रडली नव्हती. हात बरा झाला, पण डाग राहिला. त्या घरात मायेची वाण नव्हती. उष्णतेचा स्वभाव ठाऊक नव्हता, एवढेच.

तो स्वभाव असा. आपल्या कातडीत आणि मांसात पाणी पुष्कळ आहे. म्हणजे पुरणासारखेच : शिरलेली उष्णता पुष्कळ साठते आणि सावकाश निघते. वाफ गेली तरी ती उष्णता आत आत सरकत खालचे थर भाजत असते. तिला बाहेर काढायचे तर वाहते साधे पाणी हाच उपाय, कारण त्याची झोळी मोठी आणि ते सारखे नवे येत असते. भाजलेला भाग लगेच नळाखाली धरावा आणि घड्याळ लावून वीस मिनिटे धरावा. थोडा उशीर झाला तरी धरावा, पहिल्या तीन तासांत त्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये, त्याने आधीच दुखावलेल्या कातडीला दुसरी इजा होते. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून घ्यावे. तूप, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ, न चिकटणाऱ्या कापडाने सैल झाकावे. चेहरा, हात, सांधे भाजले असतील, भाजलेली जागा तळहाताहून मोठी असेल, किंवा लहान मूल अथवा म्हातारे माणूस असेल तर दवाखाना गाठावा. आणि झाकण नेहमी आपल्या विरुद्ध बाजूने उचलावे, म्हणजे ते ढालीसारखे मध्ये राहते.

तेलाचेही सांगते. तळणीचे तेल 180 अंशांवर असते. त्यात पाण्याचा थेंब पडला की त्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा लागते. म्हणून तेल उसळते. कढईने पेट घेतला तर पाणी कदापि ओतू नये, कढई उचलून पळू नये. गॅस बंद करावा आणि ताट किंवा झाकण सरकवून कढई झाकावी. हवा मिळाली नाही की आग विझते.

याच सुप्त उष्णतेची एक उपकारक बाजूही आहे. माठातले पाणी झिरपून बाहेरून वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपले अंगही असाच एक माठ आहे. घाम वाळतो म्हणून आपण उन्हाळ्यात तगतो. हवेत आधीच दमटपणा असला तर घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि गळलेल्या घामाने अंग निवत नाही. बंद स्वयंपाकघरात चार तास तळण करणाऱ्या बाईची हीच गत होते. तेव्हा पंखा ज्योतीला लागतो म्हणून बंद ठेवला असेल तर खिडकी तरी उघडी हवी, आणि दर थोड्या वेळाने बाहेर येऊन पाणी प्यायला हवे. उन्हात किंवा उकाड्यात कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापून भ्रमिष्टासारखे झाले, तर तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन, अंगावर पाणी मारून, वारा घालत राहावे. वारा पाणी वाळवतो आणि वाळणारे पाणी उष्णता नेते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

भगिनींनो, आपल्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ गोष्टी बरोबर केल्या. झाकण ठेवले, वैलावर भात मुरवला, माठ ओल्या फडक्यात गुंडाळला. त्यांच्याच हातून भाजल्यावर शाईही लावली गेली. चालरीतीत बरोबर आणि चूक शेजारी शेजारी नांदतात आणि दोघींची तोंडवळ सारखीच दिसते. त्यांतली कोणती कोण, हे ओळखायला 'असे का?' हा एकच प्रश्न उपयोगी पडतो. तो विचारायला पदवी लागत नाही आणि वयाची अटही नाही. सुनेने सासूला विचारावा, सासूने रागावू नये, आणि दोघींनाही उत्तर सुचले नाही तर मला विचारावा. माझे घर दूर नाही.

कार्यकारिणीपुढे माझी एक विनंती आहे. भाजल्यावर काय करावे आणि काय करू नये याची चार ओळींची पाटी मंडळाच्या स्वयंपाकघरात, नळाच्या वर, ठळक अक्षरांत लावावी. दिवाळीच्या फराळाचे काम आता महिन्यावर आले आहे, तेव्हा ती त्याआधी लागली तर बरे. पाटी मी लिहून देईन, खिळा मात्र कोणीतरी ठोकावा.